शेतातील जिवांची मोजदाद : सगळे न मोजता संख्या कशी काढावी?



ऑगस्ट महिना लागला की आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, कपाशीवर कोणतं औषध मारू?" त्यावर आपण विचारावे, "कीड किती आहे?" तर उत्तर येते, "लई हाय." हे "लई" म्हणजे पानामागे एक तुडतुडा की दहा, हे सांगणारा शेतकरी शंभरात पाच-दहाच भेटतात. वास्तविक फवारणी करायची की नाही, हे या एका आकड्यावर ठरते. औषधाचा व मजुरीचा खर्च तर त्यावर अवलंबून आहेच, परंतु पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाचा जीवही त्यावर अवलंबून आहे. सन २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जी फवारणी टाळता येते ती मोजणी न केल्यामुळे करावी लागणे, हे परवडणारे नाही.

एक एकर कपाशीत चार फूट बाय दीड फुटावर लागवड असेल तर सुमारे सात हजार झाडे बसतात. प्रत्येक झाडाची पाने उलटून पाहायची म्हटले तर हंगाम संपेल. बोंडअळीच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी आहे. बोंड फोडल्याशिवाय अळी दिसत नाही आणि सगळी बोंडे फोडली तर वेचायला कापूस राहणार नाही. तेव्हा थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज बांधणे हाच मार्ग आहे. जंगलातील वाघ, तळ्यातील मासे, बिळातील उंदीर यांची संख्या काढताना शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण असते. त्यांनी ती कशी सोडविली हे समजून घेतले तर आपल्या शेतातील मोजणीतही चूक कोठे होते ते कळते.

दावणीची जनावरे आणि रानातील जनावरे

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे एकूण एक मोजणे. आपल्या देशात १९१९ पासून पशुगणना होत आली आहे. साधारणतः दर पाच वर्षांनी ती होते आणि विसावी पशुगणना २०१९ ची आहे. गाय, बैल, म्हैस, शेळी दावणीला बांधलेली असते, तिला मालक असतो, त्यामुळे घरोघर फिरून आकडा मिळतो. रानातील जनावराला ना दावण ना मालक. ते दिवसा लपते, रात्री फिरते आणि एकच जनावर दोन ठिकाणी दिसते.

उन्हाळ्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाण बांधून प्राणी मोजण्याची प्रथा आपल्याकडील जंगलांत बरीच वर्षे आहे. आपल्यापैकी काहींनी मचाणावर रात्र काढलीही असेल. अनुभव म्हणून ती फार चांगली गोष्ट आहे, पण त्यातून संख्या निघत नाही. रोह्यांचा एक कळप आठ वाजता आला आणि तोच पुन्हा दोन वाजता आला, तर वहीत दोन कळप लागतात. उलट, वळवाचा एखादा पाऊस होऊन ओढ्यात पाणी साचले की पाणवठ्यावर कोणीच फिरकत नाही. म्हणून हल्ली वन विभागही या रात्रीला निसर्गानुभव म्हणतो, गणना म्हणत नाही.

वाघाचे उदाहरण तर सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पूर्वी वाघाच्या पंजाचे ठसे काचेवर किंवा कागदावर उतरवून घेत आणि ठशांतील फरकावरून वाघ किती ते ठरवीत. ठसा ओल्या मातीत मोठा व सुक्या मातीत लहान उमटतो. शिवाय ठसा पाहणारा माणूस बदलला की निष्कर्ष बदलतो. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात कागदोपत्री वाघ होते, पण २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशभरची पद्धत बदलली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंस आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असतात, जशी माणसाच्या अंगठ्याची निशाणी. त्यावरून कोणता वाघ पुन्हा दिसला आणि कोणता नवा, हे कळते.

हे आपल्या जिल्ह्यातही घडले आहे. कन्नड तालुका व शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पसरलेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मार्च २०२१ मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ आला. त्याचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा निघाला. म्हणजे शेता-शिवारांतून तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून तो येथे आला होता. नुसता ठसा सापडला असता तर "एक वाघ दिसला" यापलीकडे काही कळले नसते.

२०२२ च्या व्याघ्रगणनेत देशातील वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५ अशी जाहीर झाली. महाराष्ट्राचा आकडा ४४४ होता. येथे "वरची मर्यादा" या शब्दाकडे लक्ष द्यावे. शास्त्रज्ञ अंदाज सांगतो तेव्हा तो किती इकडे-तिकडे होऊ शकतो हेही सांगतो. आपल्या शेतातील मोजणीत आपण हे विसरतो. त्याविषयी पुढे येईलच.

शेततळ्यातील मासे किती उरले?

वाघाला जन्मतः खूण आहे, माशाला ती आपण करावी लागते. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० च्या दशकात माशांना खुणा करून सोडण्यास सुरुवात केली आणि अमेरिकेत लिंकन यांनी १९३० साली याच हिशेबाने रानबदकांची संख्या काढली. त्यामुळे ही रीत दोघांच्या नावाने ओळखली जाते. मराठवाड्यात शेततळी झाल्यापासून अनेकांनी त्यांत कटला, रोहू, मृगळ सोडले आहेत. त्यांना ती घरच्या घरी वापरता येईल.

समजा, आपण १,५०० बोटुकली सोडली. चार महिन्यांनी किती जगली ते पाहायचे आहे. जाळे टाकून ६० मासे धरावेत, शेपटीच्या पराचे वरचे टोक कात्रीने किंचित कापावे व लगेच सोडून द्यावेत. पाच-सहा दिवसांनी तळ्याच्या वेगवेगळ्या भागांत पुन्हा जाळे टाकावे. या वेळी ५० मासे आले व त्यांत खुणेचे ४ निघाले, तर हिशेब असा : पहिल्या वेळी खूण केलेले ६०, गुणिले दुसऱ्या वेळी धरलेले ५०, भागिले खुणेचे ४. उत्तर ७५०. म्हणजे निम्मे मासे गेले आणि आपण मात्र १,५०० माशांचे खाद्य टाकीत आहोत! न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि पाणी बिघडते, हे नुकसान वेगळेच.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. खुणेचे ४ ऐवजी ३ आले असते तर उत्तर १,००० आणि ५ आले असते तर ६०० आले असते. एका माशाने एवढा फरक पडतो. म्हणून पहिल्या वेळी जास्त माशांना खूण करावी व दुसऱ्या वेळी जास्त मासे धरावेत, म्हणजे खुणेचे निदान पंधरा-वीस मासे परत हाती लागतील. खूण केलेले मासे इतर माशांत मिसळायला वेळ द्यावा. खाद्य टाकण्याच्या जागी दोन्ही वेळा जाळे टाकले, तर धीट मासेच पुन्हा पुन्हा येतात आणि संख्या खरीपेक्षा कमी निघते.

उंदरांची बिळे

उंदीर धरून मोजण्याची गरज नाही, त्यांची चालू बिळे मोजावीत. संध्याकाळी बांधावरील व शेतातील सगळी बिळे ओल्या मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळे. एका उंदराला अनेक तोंडे असतात, त्यामुळे चाळीस बिळे म्हणजे चाळीस उंदीर नव्हेत. पण विषारी आमिष ठेवण्यापूर्वी चाळीस आणि नंतर त्याच रीतीने मोजता दहा निघाली, तर उंदीर तीन-चतुर्थांश कमी झाले असे म्हणता येते. अनेक वेळा आपल्याला नेमकी संख्या नको असते, पूर्वीपेक्षा वाढली की घटली एवढेच हवे असते. अट एकच, दोन्ही वेळा मोजणी अगदी एकसारखी हवी.

कपाशी : कोणते झाड पाहायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पदव्युत्तर शिक्षण घेताना मला कपाशीच्या एका प्रक्षेत्रावर दर आठवड्याला किडींची नोंद करण्याचे काम होते. भादव्याचे ऊन, त्यात गुडघाभर चिखल. दोन आठवडे मी रस्त्याकडेच्या चार तासांतील झाडे पाहून वही भरली. मार्गदर्शकांनी एके दिवशी स्वतः मधल्या भागात जाऊन पाने उलटली, तर तुडतुडे माझ्या नोंदीच्या जेमतेम तिसरा हिस्सा! रस्त्याच्या कडेला भेंडीचे वाफे होते, त्यामुळे तेथे कीड जास्त होती. वही फाडून पुन्हा सुरुवात करावी लागली. माझे मोजणे चुकले नव्हते, झाडे निवडणे चुकले होते.

शेतकरी नेमकी हीच चूक करतात. धुऱ्यावर उभे राहून पाहतात किंवा आत शिरले तरी डोळा आपोआप पिवळ्या, आकसलेल्या झाडाकडेच जातो. तशी दहा झाडे पाहिली की शेत गेले असे वाटते. ते टाळण्यासाठी झाड डोळ्याने निवडू नये. घरून निघतानाच ठरवावे, बांधापासून पाच तास सोडायचे, मग पंधरा पावले चालायचे आणि उजव्या हाताला जे झाड येईल ते घ्यायचे, चांगले असो की वाईट. असे नागमोडी चालत चारही बाजू व मधला भाग मिळून एकरात वीस झाडे पाहावीत.

रसशोषक किडींसाठी प्रत्येक झाडाची वरचे, मधले व खालचे अशी तीन पाने सकाळच्या वेळी हलकेच उलटून पाहावीत. वीस झाडांची साठ पाने होतात. समजा, साठ पानांवर मिळून ९६ तुडतुडे निघाले, तर पानामागे १.६ झाले. तुडतुड्यांची आर्थिक नुकसानीची पातळी पानामागे २ ते ३ आहे, म्हणजे अजून फवारणीची वेळ आलेली नाही. मावा व फुलकिडे यांची पातळी पानामागे १० आणि पांढऱ्या माशीची ८ ते १० प्रौढ माशा अशी धरतात. त्याच पानांवर ढालकिडे, क्रायसोपाची अंडी किंवा अळ्या दिसल्या तर त्याही वहीत लिहाव्यात. हे आपले बिनपगारी मजूर आहेत, घाईच्या फवारणीत पहिले तेच मरतात.

गुलाबी बोंडअळीचा हिशेब

सन २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि काही वर्षे बोंडअळीचा विसर पडला. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने जो हाहाकार केला तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या वर्षी अनेकांना कीड कळली ती वेचणीला, बोंड अर्धवट उमलून कवडी झाल्यावर. कारण ही अळी लहानपणीच बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते.

म्हणून हिची मोजणी तीन ठिकाणी करावी लागते. लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांनी हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या वर फूट-दीड फूट उंचीवर लावावेत. फुले लागल्यावर डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या चिकटून राहिलेली फुले मोजावीत. आणि हिरवी बोंडे धरली की दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांवरील वीस बोंडे तोडून फोडावीत. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, किंवा शंभरात दहा फुले डोमकळ्या निघाली, किंवा वीस बोंडांत दोन ठिकाणी जिवंत अळी सापडली, तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजावे.

सापळ्याविषयी एक गैरसमज आहे. सापळ्यातील गंध मादीचा असतो, त्यामुळे त्यात केवळ नर पतंग येतात. आठ पतंग म्हणजे शेतात किती अळ्या आहेत ते कळत नाही, पतंगांची उड्डाणे सुरू झाली एवढे कळते. वारा, पाऊस, जुनी झालेली गोळी यांमुळे एखाद्या रात्री आकडा एकदम पडतो किंवा चढतो, म्हणून तर सलग तीन रात्री पाहायच्या. सापळा रोज सकाळी ठरल्या वेळी रिकामा करावा. आठ दिवसांचे साचलेले पतंग एकदम मोजून "साठ आले हो!" असे सांगत येणारे शेतकरी दरवर्षी भेटतात. गंधगोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी व ती बसविताना हात स्वच्छ असावेत.

आता वीस बोंडांच्या नियमाकडे जरा बारकाईने पाहू, कारण येथे अंदाजाची मर्यादा कळते. समजा, शेतात खरोखर शंभरात दहा बोंडे किडकी आहेत. आपण कोणतीही वीस बोंडे तोडली, तर सरासरीने दोन किडकी निघावीत. पण दर वेळी दोनच निघतील असे नाही. गणित केले तर शंभरात बारा वेळा एकही किडके बोंड हाती लागत नाही! म्हणजे आठातील एक शेतकरी "माझ्याकडे काही नाही" म्हणून निश्चिंत बसेल आणि त्याच्या शेतात कीड पातळीवर पोहोचलेली असेल. उलटही घडते. शेतात शंभरात पाचच बोंडे किडकी असली तरी वीस बोंडांत दोन किंवा अधिक किडकी निघण्याची शक्यता शंभरात सव्वीस आहे. म्हणजे चारांतील एक शेतकरी वेळेआधी पंप भरेल.

यावर उपाय अवघड नाही. पहिल्या वीस बोंडांत एक किंवा दोन अळ्या निघाल्या, म्हणजे निकाल काठावर असला, तर त्याच दिवशी शेताच्या दुसऱ्या भागातून आणखी चाळीस बोंडे फोडावीत. साठांत सहा किंवा अधिक निघाली तर संशय उरत नाही. एकही न निघाल्यास आठवड्याने पुन्हा पाहावे, सापळे व फुलेही पाहावीत. तिन्हींकडून एकच गोष्ट कळत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा. साठ बोंडे फुकट गेली असे काहींना वाटते. एका झाडावरच तीस-चाळीस बोंडे लागतात, म्हणजे एकरातील सात हजार झाडांपैकी दोन झाडांचे हे नुकसान.

मका घेणाऱ्या सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागातील शेतकऱ्यांनी हीच नागमोडी चाल अमेरिकन लष्करी अळीसाठी वापरावी. ही कीड २०१८ साली आपल्या देशात आली. शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी वीस अशी शंभर झाडे पाहावीत. रोपावस्थेत पाच, पुढे पोंग्याच्या अवस्थेत दहा झाडांवर ताजे नुकसान दिसले तर उपाय करावा. जुनी, मोठी झालेली छिद्रे मोजू नयेत. अळी निघून गेलेली असते आणि फवारणी रिकाम्या पोंग्यात पडते.

गावाचा आकडा

२००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात कृषी विभाग व कृषी विद्यापीठांच्या सहकार्याने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात ठरावीक गावांतील काही शेते हंगामभर तीच ठेवतात आणि काही दर वेळी नवी निवडतात. त्याच शेतात पाहिल्याने कीड वाढते की घटते ते कळते आणि नव्या शेतांमुळे इतर शिवाराची स्थिती कळते. मात्र हा सल्ला परिसरासाठी असतो. शेजारच्या शेतात कीड पातळीवर आली म्हणून आपल्याही शेतात आलीच असे नव्हे. पेरणीची तारीख, वाण व पाणी वेगळे असते. तेव्हा सल्ला आला की फवारणीला नव्हे, आधी मोजणीला लागावे.

मोजणीची वही साधी असावी. तारीख, पिकाचे वय, पाहिलेली झाडे किंवा बोंडे, त्यांत सापडलेल्या किडी, मित्रकीटक आणि त्या दिवशी काय केले, एवढे रकाने पुरेत. "पाहिलेली बोंडे" हा रकाना बहुतेक जण सोडतात. वहीत नुसते "अळ्या ३" असेल, तर वीसांत तीन की शंभरात तीन हे पुढच्या आठवड्यात आपल्यालाच आठवत नाही.

कपाशी डिसेंबरअखेर काढून टाकावी, फरदड घेऊ नये. पीक निघाले तरी गुलाबी बोंडअळीची मोजणी संपत नाही. अळ्या कवडीत, पऱ्हाटीच्या ढिगात व सरकीत सुप्तावस्थेत राहतात. म्हणून जिनिंगच्या आवारात आणि जेथे पऱ्हाटी रचली आहे तेथेही कामगंध सापळे लावतात. आपल्या घराजवळ पऱ्हाटीचा ढीग असेल तर तेथे एक सापळा टांगावा आणि एप्रिल-मे महिन्यांतही आठवड्यातून एकदा त्यात डोकावावे. तेथे पतंग दिसू लागले तर ढीग त्याच आठवड्यात हलवावा किंवा यंत्राने बारीक करून खतासाठी वापरावा. पुढच्या कपाशीला पाते लागण्याच्या आत हे झाले पाहिजे.